घटस्फोटित पालकांसाठी आयआरएसची मोफत साधने: एक परीक्षण

अमेरिकेत घटस्फोट झाला, मुलांचा ताबा दोघांकडे राहिला आणि करविवरणपत्र भरण्याची एप्रिलची १५ तारीख जवळ येऊ लागली, की एक प्रश्न हमखास उभा राहतो: यंदा मुलाला आपल्या विवरणपत्रात अवलंबित (म्हणजे ज्याच्यामुळे करसवलत मागता येते अशी व्यक्ती) म्हणून कोणी दाखवायचे? या प्रश्नाचे उत्तर पैसे घेऊन देणारे पुष्कळ आहेत. मात्र ज्या खात्यापुढे हा दावा करायचा असतो, त्या आयआरएसनेच, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्यानेच, या कामासाठी तीन गोष्टी विनामूल्य ठेवलेल्या आहेत. पहिली, संकेतस्थळावरचा ‘इंटरॅक्टिव्ह टॅक्स असिस्टंट’ हा प्रश्नोत्तरी साहाय्यक. दुसरी, घटस्फोटित आणि विभक्त व्यक्तींसाठी काढलेली ‘पब्लिकेशन ५०४’ ही पुस्तिका. आणि तिसरी, फॉर्म ८३३२, म्हणजे एका पालकाने दुसऱ्याला हा हक्क सोडून देण्याचे पत्र. या तिन्हींचे परीक्षण मी २०२५ या करवर्षाचे नियम समोर ठेवून करीत आहे. येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत संयुक्त ताबा आता अपवादात्मक राहिलेला नाही, पण त्यातील कराची बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, म्हणून हा विस्तार.

माझे मत आधीच सांगतो. पुस्तिका उत्तम आहे आणि तिच्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. फॉर्म नेमका आणि सोपा आहे, पण तितकाच घातक आहे. ज्याच्याकडे सगळे प्रथम वळतात तो प्रश्नोत्तरी साहाय्यक मात्र तिघांत दुय्यम आहे, कारण वादाचा खरा मुद्दा जेथे असतो तेथे तो तुमच्याकडूनच तयार उत्तराची अपेक्षा करतो.

त्या साहाय्यकापासून सुरुवात करू. ‘मी कोणाला अवलंबित म्हणून दाखवू शकतो?’ अशा आशयाचे त्याचे पान आहे. सुमारे १५ मिनिटे लागतील असे तेथे सांगितलेले असते, आणि मधे बराच वेळ काही केले नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक यांपैकी काहीही तो मागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. वैवाहिक स्थिती, मुलाशी असलेले नाते, मुलाच्या खर्चाचा वाटा आणि स्वतःचे उत्पन्न एवढी माहिती हाताशी असली की काम होते. प्रश्न एकामागून एक येतात, भाषा सोपी असते आणि शेवटी निष्कर्ष मिळतो. मूल पूर्ण वेळ एकाच पालकाकडे राहते आणि दुसरा पालक दूरच्या राज्यात आहे, अशा सरळ प्रकरणात हा निष्कर्ष पुरेसा ठरतो.

संयुक्त ताब्याच्या प्रकरणात तसे होत नाही. एक आठवडा आईकडे, एक आठवडा वडिलांकडे, किंवा दोन दिवस, दोन दिवस आणि तीन दिवस असे आलटून पालटून वेळापत्रक असले, तर मूल वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ कोणाकडे राहिले, हाच तर मूळ प्रश्न असतो. साहाय्यक हा हिशेब करून देत नाही. तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि त्यावर पुढची पायरी रचतो. दोन्ही पालक आपापल्या घरी बसून हे साधन वापरतील आणि दोघांनाही अनुकूल उत्तर मिळेल, हे अगदी शक्य आहे. हा निष्कर्ष तुम्ही दिलेल्या उत्तरांवर आधारलेला असून तो खात्याचा लेखी सल्ला मानता येणार नाही, अशी सूचना तेथे असते. ती वाचकाने गांभीर्याने घ्यावी. शिवाय हे साधन वर्षभर अमेरिकेचे नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असलेल्यांसाठीच आहे. वर्षाच्या मध्येच एच-१बी व्हिसावर येथे आलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक अडचण आहे. अवलंबित कोण, याचे एक पान. विवरणपत्र कोणत्या वर्गात भरायचे, याचे दुसरे. चाइल्ड टॅक्स क्रेडिटचे, म्हणजे मुलामागे करातून थेट वजा होणाऱ्या रकमेचे, तिसरे. पाळणाघराच्या खर्चावरील सवलतीचे चौथे. विवाहित जोडप्याच्या बाबतीत या चारही प्रश्नांची उत्तरे बहुधा एकाच दिशेने जातात. घटस्फोटितांच्या बाबतीत ती फुटतात, म्हणजे एक लाभ एका पालकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि ही फूट या साधनात एकत्र कोठेच दिसत नाही. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

आता पुस्तिकेकडे येतो. पब्लिकेशन ५०४ मध्ये पोटगी, मालमत्तेची वाटणी, सामाईक मालमत्तेची राज्ये अशी इतरही प्रकरणे आहेत. ती आपल्या विषयापुरती बाजूला ठेवली तरी चालतात. मुलाचा ताबा असलेला पालक कोण, हे ठरवणारी तिची थोडकी पाने मात्र दोनदा वाचण्यासारखी आहेत. नियम असा की, वर्षभरात मूल ज्या पालकाकडे अधिक रात्री राहिले तो ताबाधारक पालक. दिवस मोजायचे नाहीत, शाळेतून कोण आणतो ते पाहायचे नाही, खर्च कोण अधिक करतो याचाही येथे संबंध नाही. मूल त्या पालकाच्या घरी झोपले, मग तो पालक त्या रात्री घरी असो वा नसो, तर ती रात्र त्याची. घराबाहेर, उदाहरणार्थ सहलीत, मूल त्या पालकाच्या सोबत असेल तरीही रात्र त्याचीच. जो पालक रात्रपाळी करतो आणि त्यामुळे मूल त्याच्याकडे रात्रींऐवजी दिवसाच अधिक राहते, त्याच्यासाठी रात्रींऐवजी दिवस मोजण्याचा अपवाद ठेवलेला आहे. रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या आपल्याकडच्या परिचारिका आणि डॉक्टर यांनी हा अपवाद लक्षात ठेवावा. ३१ डिसेंबरची रात्र सरत्या वर्षात धरायची, इतका बारीक तपशीलही पुस्तिकेत आहे.

वर्षाच्या ३६५ रात्री समसमान वाटल्या जात नाहीत, हे उघड आहे. तंतोतंत पन्नास-पन्नास टक्क्यांचा करार असला तरी एकाकडे १८३ आणि दुसऱ्याकडे १८२ पडतात, आणि ती एक रात्र निकाल देऊन जाते. रात्री खरोखरच सारख्या झाल्या, जसे २०२४ च्या लीप वर्षात प्रत्येकी १८३ होऊ शकत होत्या, तर ज्याचे समायोजित ढोबळ उत्पन्न (ठरावीक वजावटी जाता विवरणपत्रात उरणारे उत्पन्न) अधिक तो ताबाधारक ठरतो. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण कमी मिळवणाऱ्या पालकाला झुकते माप मिळेल अशी त्यांची समजूत असते.

मूल दोघांपैकी कोणाकडेच नसेल त्या रात्रीचे काय, याचा नियम मराठी कुटुंबांना विशेष लागू पडतो. शिबिराला, मित्राकडे किंवा नातेवाइकांकडे गेलेल्या मुलाची रात्र, ते गेले नसते तर ज्या पालकाकडे असते, त्याच्या खात्यावर जमा होते. समजा मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकटीच सांगलीला आजी-आजोबांकडे राहिली. ते आजोबा वडिलांचे वडील असल्यामुळे त्या रात्री वडिलांच्या होत नाहीत. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ज्या रात्री आईच्या होत्या त्या आईच्याच राहतात. याउलट आई स्वतः मुलीला घेऊन पाच आठवडे पुण्याला गेली, तर त्या सगळ्या रात्री आईच्या सोबतीतल्या असल्यामुळे आईच्या. आठवडा-आठवड्याच्या वेळापत्रकात त्यांतील निम्म्या रात्री एरवी वडिलांच्या असत्या. त्या परत आल्यावर भरून दिल्या नाहीत, तर वर्षाअखेरीस आईकडे दोनशेच्या आसपास रात्री होतात आणि करारातील ‘समान ताबा’ हे शब्द कराच्या दृष्टीने त्या वर्षापुरते निरर्थक ठरतात. भारतवारीला संमती देताना पालक पासपोर्टचा आणि शाळेच्या तारखांचा विचार करतात. या हिशेबाचा करीत नाहीत.

पुराव्याबद्दल पुस्तिका थोडी हात आखडता घेते. खात्याच्या तपासणीत मुलाच्या पत्त्याचा उल्लेख असलेली शाळेची आणि दवाखान्याची कागदपत्रे मागितली जातात, पण दोन्ही घरे एकाच गावात असली आणि शाळेत दोन्ही पत्ते नोंदवलेले असले, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. अशा वेळी त्या-त्या रात्रीच ठेवलेली नोंद, पालकांनी एकमेकांना पाठवलेले संदेश, विमानाची तिकिटे हेच हाताशी राहते. दोघांनी मिळून एक सामाईक कॅलेंडर ठेवावे आणि वर्ष संपताना आकडा एकमेकांना लेखी कळवावा, एवढा साधा सल्ला पुस्तिकेत असता तर बरे झाले असते.

तिसरे साधन, फॉर्म ८३३२. ताबाधारक पालकाने हा फॉर्म सही करून दिला, तर दुसरा पालक मुलाला अवलंबित दाखवू शकतो. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात चालू करवर्षाचा हक्क सोडायचा, दुसऱ्यात पुढील वर्षांचा, आणि तिसऱ्यात पूर्वी दिलेली संमती मागे घ्यायची. प्रत्येक मुलासाठी वेगळा फॉर्म लागतो. ज्याला हक्क मिळतो त्याने तो दरवर्षी आपल्या विवरणपत्राला जोडायचा. विवरणपत्र संगणकावरून पाठवले तर फॉर्मची पीडीएफ जोडता येते, किंवा फॉर्म ८४५३ (कागदपत्रे टपालाने पाठवताना जोडायचा फॉर्म) सोबत तो टपालाने पाठवता येतो.

या फॉर्मचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, आणि बहुतेक भांडणे याच ठिकाणी सुरू होतात. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यात ‘सम वर्षी वडील आणि विषम वर्षी आई मुलाला अवलंबित दाखवतील’ असे स्पष्ट लिहिलेले असले, तरी आयआरएस त्या वाक्यावरून ताबाधारक नसलेल्या पालकाचा दावा मान्य करीत नाही. त्याला सही केलेला फॉर्म ८३३२ किंवा त्याच आशयाचे स्वतंत्र पत्र लागते. २००८ नंतरच्या हुकूमनाम्याची पाने फॉर्मऐवजी जोडणे चालत नाही. त्यापूर्वीच्या, म्हणजे १९८४ नंतरच्या आणि २००९ च्या आधीच्या काही हुकूमनाम्यांना ती मुभा आहे, पण त्यांतील मुले आता जवळजवळ सगळीच १७ वर्षांच्या पुढे गेली असल्याने चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या दृष्टीने ती सवलत संपल्यात जमा आहे. ताबाधारक पालकाने हुकूमनामा असूनही सही नाकारली, तर दुसऱ्याने दाद आयआरएसकडे नव्हे, कौटुंबिक न्यायालयाकडे मागायची. राज्याचे न्यायाधीश सही न करणाऱ्याला अवमानाबद्दल जाब विचारू शकतात. पण सही हाती येईपर्यंत विवरणपत्रात दावा करण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही.

सहीला अटही जोडता येत नाही. ‘मुलाच्या पालनपोषणाची रक्कम वेळेवर मिळाली तरच’ असे लिहून दिलेले पत्र ग्राह्य धरले जात नाही. सोडपत्र बिनशर्त असावे लागते. यावर व्यवहारी तोड एकच आहे, ती म्हणजे दुसऱ्या भागाला हात न लावता दरवर्षी फक्त पहिला भाग भरून देणे, आणि तोही वर्षाचा हिशेब पूर्ण झाल्यावर. दुसऱ्या भागात ‘पुढील सर्व वर्षे’ असे लिहून दिले की ते परत घेणे शक्य असले तरी त्याला वेळ लागतो. तिसरा भाग भरून त्याची सूचना दुसऱ्या पालकाला २०२६ मध्ये दिली, तर ती लवकरात लवकर २०२७ च्या करवर्षापासून लागू होते. मधले वर्ष हातचे जाते. सूचना पोहोचवली, किंवा पोहोचवण्याचा यथायोग्य प्रयत्न केला, याचा पुरावाही जपून ठेवावा लागतो. घटस्फोटाच्या वाटाघाटींत ‘सगळ्या वर्षांचे एकदाच लिहून टाका’ असा आग्रह धरला जातो, तेव्हा सही करणाऱ्याने या एका वर्षाची किंमत मनात धरावी.

आता या सहीबरोबर नेमके काय जाते आणि काय राहते, ते पाहू. जे जाते ते असे: मुलाला अवलंबित दाखवण्याचा हक्क, चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि त्याचा परत मिळणारा भाग, मोठ्या मुलांसाठीचे ५०० डॉलरचे क्रेडिट, आणि महाविद्यालयीन शिक्षणावरची क्रेडिट्स, कारण ती अवलंबित दाखवणाऱ्याच्या मागे जातात. जे राहते ते असे: ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (मुलासह घर चालवणारी एकटी व्यक्ती) या वर्गात विवरणपत्र भरण्याचा हक्क, अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट (कमी कमाई असलेल्या नोकरदारांसाठीचे क्रेडिट) आणि पाळणाघराच्या खर्चावरची सवलत. या गोष्टी फॉर्मवर कितीही सह्या केल्या तरी दुसऱ्याला देता येत नाहीत. त्यांच्या इतर अटी पूर्ण होत असतील तर त्या ताबाधारकाच्याच. २०२५ साठी एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर आहे, तर हेड ऑफ हाउसहोल्डची २३,६२५. म्हणजे ७,८७५ डॉलरचा फरक, आणि शिवाय करटप्पेही अधिक सैल. फॉर्मवर सही करून दिली म्हणून आपण आता ‘एकटे’ झालो, असे समजून हा वर्ग सोडून देणारे ताबाधारक पालक स्वतःचे नुकसान करून घेतात. दुसऱ्या बाजूने, फॉर्म मिळाला म्हणून हेड ऑफ हाउसहोल्ड होऊ पाहणारा, किंवा नोकरीच्या ठिकाणी मुलाच्या पाळणाघरासाठी करमुक्त खाते उघडणारा बिनताब्याचा पालकही चुकतो. त्या खात्याची सवलत या सहीने मिळत नाही. वैद्यकीय खर्चाला मात्र उदार अपवाद आहे: मूल दोघांचेही अवलंबित मानले जाते आणि ज्याने जो खर्च केला त्याचा त्याने हिशेब धरावा.

एकाच मुलाचे क्रेडिट अर्धे-अर्धे वाटून घेता येत नाही. दोन मुले असतील तर प्रत्येकाने एकेक दाखवावे, असा करार करता येतो आणि तो बहुधा सुखाने चालतोही.

चाइल्ड टॅक्स क्रेडिट २०२५ पासून प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर झाले आहे. मूल वर्षाअखेरीस १७ वर्षांच्या आतले असावे. एकट्या व्यक्तीचे उत्पन्न २,००,००० डॉलरच्या पुढे गेले, की दर हजारामागे ५० डॉलर याप्रमाणे क्रेडिट घटू लागते. संगणक क्षेत्रातील आपल्या लोकांनी हा हिशेब करारापूर्वी करावा. समजा वडिलांचे उत्पन्न २,६०,००० डॉलर आहे आणि आईचे ६२,०००. एकच मूल आहे आणि हुकूमनाम्यात एक वर्षाआड पाळी ठरली आहे. वडिलांच्या पाळीच्या वर्षी आईने इमानेइतबारे सही करून दिली, तरी वडिलांना क्रेडिट शून्य मिळते, आणि आईचेही जाते. दोघांच्या हाती काहीच न लागता रक्कम सरकारी तिजोरीत राहते. अशा घरात पाळी ठेवण्याऐवजी क्रेडिट कायम आईकडे ठेवून त्याची भरपाई दुसऱ्या एखाद्या कलमात करणे शहाणपणाचे असते, पण वकील हे सांगतीलच असे नाही, आणि आयआरएसचे एकही साधन ते सांगत नाही. दोन्ही पालकांची उत्पन्ने शेजारी ठेवून तुलना करणारा एक साधा तक्ता पुस्तिकेत सहज बसला असता.

स्थलांतरितांच्या दृष्टीने पाहता तिन्ही साधने तुटक वाटतात. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. भारतात जन्मलेल्या आणि एच-४ (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांसाठीच्या) व्हिसावर असलेल्या मुलाकडे तो नसतो, आयटिन (सोशल सिक्युरिटी क्रमांक न मिळणाऱ्यांसाठीचा करक्रमांक) असतो, म्हणून त्याच्यासाठी फक्त ५०० डॉलरचे क्रेडिट उरते. २०२५ च्या कायद्याने दावा करणाऱ्या पालकाकडेही सोशल सिक्युरिटी क्रमांक असण्याची अट घातली. त्यामुळे मूल येथे जन्मलेले, आई ताबाधारक पण आयटिनवर, आणि वडील सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेले, अशा घरात फॉर्म ८३३२ वर सही करणे दोघांच्याही हिताचे ठरू शकते. एरवी २,२०० डॉलर कोणालाच मिळणार नाहीत. घटस्फोट अद्याप झालेला नाही, पण वर्षाचे शेवटचे सहा महिने पती-पत्नी वेगळे राहिले आहेत, अशा पालकांनाही हे नियम लागू होतात, आणि ज्यांचे लग्न कधी झालेच नव्हते त्यांनाही.

घटस्फोटानंतर आई मुलाला घेऊन भारतात परतली, हे प्रकरण आपल्याकडे नवीन नाही. मूल भारतीय नागरिक असून भारतातच राहत असेल, तर अमेरिकेतील वडील ते अवलंबित दाखवू शकत नाहीत. कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांना असलेली मुभा भारताला नाही. मूल अमेरिकेचे नागरिक असेल तर दार बंद होत नाही, परंतु आईची सही लागते, आणि मुलाच्या वर्षाच्या खर्चातील निम्म्याहून अधिक भार आई-वडिलांनी मिळून उचललेला असावा लागतो. आई-मुलगा आजोबांच्या घरात राहत असतील आणि राहणे, जेवण, शाळा यांचा बहुतांश खर्च आजोबा करीत असतील, तर ही अट मोडू शकते. आजोबांच्या प्रेमाचा करावर असा परिणाम होईल, हे कोणाच्या ध्यानी येणार?

दोघांनीही एकाच मुलावर दावा केला तर काय होते, हे जाणून घेणे उपयोगी आहे. ज्याचे विवरणपत्र आधी पोहोचते त्याचे स्वीकारले जाते आणि नंतर आलेले संगणक परत पाठवतो. पूर्वी अशा वेळी दुसऱ्याला कागदी विवरणपत्र टपालाने पाठवावे लागे. २०२५ च्या हंगामापासून त्याच्याकडे आयआरएसने दिलेला वैध आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) असेल तर त्याचे विवरणपत्रही संगणकावरून स्वीकारले जाते. सुधारणा चांगली आहे आणि पिन फुकट मिळतो, म्हणून संयुक्त ताबा असलेल्या प्रत्येक पालकाने तो आधीच घेऊन ठेवावा. पुढे दोघांनाही सीपी ८७ए ही नोटीस येऊ शकते: आपला दावा चुकीचा असल्यास दुरुस्ती करा, बरोबर असल्यास काही करू नका. दोघांनीही काही केले नाही, तर तपासणी होते आणि रात्रींचा हिशेब तेथे मांडावा लागतो. नियमांची पर्वा न करता केलेला दावा ठरला, तर क्रेडिटवर दोन वर्षांची बंदी येऊ शकते. आधी भरणारा जिंकतो, हा समज त्यामुळे खोटा आहे. आधी भरणाऱ्याला फक्त पैसे आधी मिळतात.

भाषेबद्दल थोडे लिहितो, कारण आपल्याला ते खटकण्यासारखे आहे. आयआरएसचा पत्रव्यवहार कोणत्या भाषेत हवा हे कळवण्याचा जो अर्ज आहे, त्यात गुजराती, पंजाबी, उर्दू आणि बंगाली आहेत, मराठी नाही. पुस्तिका वाचण्याइतके इंग्रजी आपल्यापैकी बहुतेकांना येते हे खरे, पण सही करणारी व्यक्ती प्रत्येक वेळी तीच असते असे नाही.

पैसे देऊन काम करून घ्यावे का? सॉफ्टवेअरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, कारण तेही साहाय्यकाप्रमाणेच तुमच्या उत्तरावर चालते, फक्त त्याचे शुल्क पडते. एनरोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेला करसल्लागार) किंवा सीपीए (परवानाधारक लेखापाल) यांचा खर्च मात्र तीन परिस्थितींत वाजवी वाटतो: दोन्ही पालकांच्या रात्री जवळजवळ सारख्या असताना, कोणी एक परदेशात असताना, आणि हुकूमनामा अजून सही व्हायचा असताना. तिसऱ्या परिस्थितीत तर हा खर्च सर्वांत अधिक फळ देतो. राज्याच्या कराचा प्रश्नही त्यांनाच विचारावा. न्यू जर्सीत प्रत्येक अवलंबितामागे १,५०० डॉलरची वेगळी सूट आहे, आणि आयआरएसची तिन्ही साधने राज्यांच्या करांबाबत स्वाभाविकच गप्प आहेत.

गुण द्यायचे तर पुस्तिकेला पाचपैकी साडेचार, फॉर्मला चार आणि साहाय्यकाला अडीच. ज्यांना ही साधने वापरायची आहेत त्यांनी क्रम उलटा ठेवावा: आधी कॅलेंडरवरून रात्री मोजाव्यात, मग पुस्तिकेतील ताबाधारक पालकाचे पान वाचावे, आणि साहाय्यकाकडे पडताळणीपुरतेच जावे. तेथे करवर्ष निवडण्याचा प्रश्न येतो, त्यात आपले विवरणपत्र ज्या वर्षाचे आहे तेच निवडले आहे ना, हे पाहावे, कारण २०२४ आणि २०२५ यांचे क्रेडिटचे नियम एकसारखे नाहीत. फॉर्म ८३३२ वर सही करणाऱ्याने पहिल्या भागातील वर्षाचा रकाना स्वतःच्या हाताने भरावा, दुसरा भाग रेघ मारून रद्द करावा, आणि सही केलेल्या फॉर्मची एक प्रत आपल्याजवळ ठेवूनच मूळ कागद दुसऱ्या पालकाच्या हाती द्यावा.